कोंबडीची चरबी आणि तिचा वंश



मांसासाठी कोंबड्या वाढविणाऱ्या शेतकऱ्याच्या खर्चात सर्वांत मोठा वाटा खाद्याचा असतो. मका आणि सोयाबीनची पेंड यांवर एकूण खर्चाच्या सुमारे दोन-तृतीयांश रक्कम पडते. करार पद्धतीने पक्षी वाढविणाऱ्याचा मोबदलाही पुष्कळ ठिकाणी खाद्याचे मांसात किती रूपांतर झाले यावरच ठरतो. या खाद्याचा काही अंश पक्ष्याच्या पोटात चरबी होऊन साठतो आणि पक्षी कापल्यावर ती बहुधा काढून टाकली जाते. एक ग्रॅम चरबीत सुमारे नऊ किलोकॅलरी ऊर्जा असते. मांसाचा जवळजवळ तीन-चतुर्थांश भाग मात्र पाण्याचा असल्याने तेवढ्याच वजनाच्या मांसाला त्या मानाने फार थोडी ऊर्जा लागते. तेव्हा पोटातील चरबी म्हणजे वाया गेलेले धान्यच होय. ही चरबी खाद्यामुळे किती आणि वंशामुळे किती, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो.

काट्याने घडविलेला पक्षी

पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज म्हणजे आग्नेय आशियातील तांबडा रानकोंबडा. तो अंगाने सडपातळ असतो. आजची मांसल जात माणसाने निवडीने घडविली आहे. अमेरिकेत 1948 साली ‘उद्याची कोंबडी’ या नावाच्या स्पर्धेची अंतिम फेरी झाली आणि त्यानंतर या निवडीला मोठा वेग आला. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी 1957, 1978 आणि 2005 या वर्षांचे प्रतिनिधित्व करणारे तीन वंश एकाच प्रकारच्या खाद्यावर वाढवून पाहिले. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार छप्पन दिवसांच्या पक्ष्यांचे सरासरी वजन अनुक्रमे 905, 1,808 आणि 4,202 ग्रॅम भरले. खाद्य समान होते, त्यामुळे हा फरक वंशाचा होता हे उघड आहे.

परंतु काटा वजन सांगतो. त्या वजनात मांस किती आणि चरबी किती, हे तो सांगत नाही. केवळ वजन पाहून निवड केली की अधाशी पक्षीही आपोआप निवडला जातो.

भुकेचा वारसा

याचे बोलके उदाहरण अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात पाहावयास मिळते. तेथे पॉल सीगल यांनी 1957 साली पांढऱ्या प्लिमथ रॉक जातीच्या एकाच कळपातून दोन वंश वेगळे काढले. एका वंशात छप्पनाव्या दिवशी अधिक वजन भरणारे पक्षी पैदाशीसाठी ठेवले जात, तर दुसऱ्यात कमी वजनाचे. निकष एवढा एकच होता. चाळीस पिढ्यांनंतर दोन्ही वंशांच्या वजनात सुमारे आठ पटींचे अंतर पडले.

वजनाबरोबर भूकही बदलली. जड वंशाचे पक्षी मोकळे सोडले तर खातच राहतात आणि लठ्ठ होतात. त्यांना मोजूनमापून खाद्य द्यावे लागते. हलक्या वंशात याउलट काही पिल्ले खाद्य समोर असूनही खात नाहीत आणि मरतात. मेंदूतील तृप्तीशी संबंधित भागाला इजा केली असता हलक्या वंशाचे पक्षी अधिक खाऊन लठ्ठ झाले. जड वंशाच्या पक्ष्यांच्या खाण्यात मात्र फरक पडला नाही. तृप्तीची जाणीव निवडीनेच त्यांच्यात क्षीण झाली असावी, असा याचा अर्थ लावला जातो.

वजन तेच, चरबी चौपट

मग चरबी ही वाढीची अपरिहार्य किंमत समजावी काय? फ्रान्समध्ये तूर शहराजवळील कृषी संशोधन केंद्रात लक्लेर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रश्नाचा छडा लावला. वजन सारखे ठेवून केवळ पोटातील चरबीचे प्रमाण पाहून त्यांनी दोन वंश निवडले. थोड्याच पिढ्यांत एका वंशातील चरबी दुसऱ्याच्या जवळजवळ चौपट झाली. दोन्हींची वजने व खाद्य मात्र साधारण सारखेच राहिले. चरबीचा वारसा वजनाच्या वारशापासून बराचसा अलग करता येतो, हे यावरून सिद्ध झाले. पोटातील चरबीबाबत पक्ष्यापक्ष्यांत जो फरक दिसतो, त्याचा फार मोठा भाग आनुवंशिक असतो, असे इतर अभ्यासांतूनही आढळून आले आहे.

अडचण मोजण्याची होती. पोटातील चरबी पाहण्यासाठी पक्षी कापावा लागतो आणि कापलेल्या पक्ष्यापासून पैदास होत नाही. म्हणून भावंडे कापून त्यांच्यावरून जिवंत पक्ष्याची पारख करावी लागे. कोंबडीची चरबी प्रामुख्याने यकृतात तयार होते व रक्तावाटे पोटाकडे जाते. या गोष्टीचा उपयोग स्कॉटलंडमधील व्हाइटहेड व ग्रिफिन यांनी करून घेतला. रक्तातील चरबीवाहक कणांचे प्रमाण मोजून त्यांनी कृश व स्थूल असे वंश निवडले आणि 1984 साली आपले निष्कर्ष मांडले. पक्षी न कापता पारख करण्याचा मार्ग त्यामुळे खुला झाला. चीनमधील हार्बिन येथेही 1996 पासून पोटातील चरबी व रक्तातील हे कण या दोन्ही निकषांवर असे वंश जोपासले गेले.

कोंबडीच्या गुणसूत्रांच्या 39 जोड्यांवरील जनुकसंचाचा आराखडा 2004 साली प्रसिद्ध झाला. चरबीचे म्हणून एकच जनुक नसून अनेक जनुकांचे लहानलहान परिणाम एकत्र येतात, हे आता स्पष्ट झाले आहे. एका जनुकाचा प्रभाव दुसऱ्याच्या सोबतीने वाढतो, असेही व्हर्जिनियातील वंशांच्या संकरातून दिसून आले.

शेतकऱ्याच्या हाती काय?

आधुनिक पैदास केंद्रे आता वजनाबरोबर खाद्याचे रूपांतर आणि छातीच्या मांसाचे प्रमाणही पाहतात. तरीही भुकेचा जुना वारसा पुसला गेलेला नाही. ज्या कोंबड्यांच्या अंड्यांतून मांसल पिल्ले निघतात, त्या मातृपक्ष्यांना आजही भुकेपेक्षा कमी खाद्य दिले जाते. अन्यथा त्या लठ्ठ होतात व अंडी घटतात. स्वस्त मांसाची ही किंमत तो पक्षी सोसतो, याचा विसर पडू नये.

पिल्लाचा वंश शेतकऱ्याला बदलता येत नाही. तथापि त्या वंशातील चरबीला किती वाव द्यावयाचा, हे काही अंशी त्याच्या हाती आहे. प्रथिनांच्या मानाने ऊर्जा अधिक असलेले खाद्य चरबी वाढविते; म्हणून पेंडीत काटकसर करून नुसता मका वाढविणे अंती महाग पडते. सततचा उष्मा चरबीला पोषक ठरतो, तेव्हा उन्हाळ्यात शेडमध्ये वारा खेळता ठेवणे अगत्याचे आहे. वय वाढते तशी चरबी वाढते आणि नरापेक्षा मादीत ती अधिक असते, हे ध्यानी घेऊन विक्रीचा दिवस ठरवावा.

पैदास करणारा ज्या गुणाचे मोजमाप करतो, तोच गुण पुढच्या पिढीत उतरतो, आणि त्याच्यासोबत न मोजलेले गुणही येतात. काय मोजावयाचे याचा निर्णय म्हणूनच जबाबदारीने घेतला पाहिजे. त्यातच शेतकऱ्याचे हित आहे आणि पक्ष्याचेही.