अटकळ आणि अनुमान

(छत्रपती संभाजीनगर येथील व्याख्यानाचा सारांश)



आपल्या भाषेत अटकळ 'बांधतात' आणि अनुमान 'काढतात'. या दोन क्रियापदांतच दोन्ही शब्दांचा भेद सामावलेला आहे. जे हाती नाही ते बांधावे लागते. जे पुराव्यात आहे तेच काढता येते. न्यायदर्शनाने अनुमानाला प्रमाण मानले, कारण धूर पाहून अग्नी सांगताना त्यामागे व्याप्तीचा, म्हणजे अव्यभिचारी संबंधाचा आधार असतो. अरबीतून आलेला कयास आणि फारसीतून आलेला अंदाज हेही शब्द आपण आपलेसे केले. निराधार हिशेबाला मात्र आपल्या पूर्वजांनी 'अटकळपंचे दाहोदरसे' म्हणून हसण्यावारी नेले. पाढ्यात बावीस पंचे दाहोदरसे होतात; बावीसच्या जागी अटकळ घातली, तरी उत्तर ठाम ते ठामच!

याचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात टोप्या घातलेले परदेशी लोक राजाला नजराणे देत असल्याचे चित्र आहे. १८७९ मध्ये जेम्स फर्ग्युसन यांनी ते इराणच्या दुसऱ्या खुस्रोशी जोडले. अल्-तबरीच्या इतिहासातील एका उल्लेखाच्या आधारे चित्रातील राजा म्हणजे चालुक्य सम्राट दुसरा पुलकेशी, असे मानले गेले. पुढे ही अटकळ पाठ्यपुस्तकांत सिद्धान्त होऊन बसली. आपल्या अभिमानाला ती सुखावणारी होती, म्हणून आपणही ती तपासली नाही.

परंतु सोळाव्या लेण्यात वाकाटक नृपती हरिषेणाचा सचिव वराहदेव याचा शिलालेख आहे. त्यावरून आणि शिल्पशैलीवरून वॉल्टर स्पिंक यांनी पहिले लेणेही पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातील ठरविले. पुलकेशी गादीवर आला तो सातव्या शतकात. डीटर श्लिंगलोफ यांनी तर तो प्रसंग बौद्ध कथेतील महासुदर्शन राजाच्या दरबाराचा असल्याचे दाखविले.

म्हणून पुलकेशीचे मोठेपण तिळभरही कमी झाले का? मुळीच नाही. ऐहोळेचा शिलालेख त्याच्या पराक्रमाची साक्ष देत उभा आहे. उलट, अजिंठ्याच्या वैभवाचे श्रेय वाकाटकांना, म्हणजे त्याच्या खऱ्या धन्यांना मिळाले.

अटकळ बांधणे हा दोष नव्हे. संशोधनाचा आरंभ तिनेच होतो. तिला प्रमाणाच्या आसनावर बसविणे हा दोष आहे. आपल्या कार्यकर्त्याने कोणतीही वार्ता, विशेषतः मनाला गोड वाटणारी वार्ता, पुढे सांगण्यापूर्वी स्वतःला विचारावे : हे मी बांधले आहे की काढले आहे? राष्ट्राचा अभिमान सत्याच्या पायावर उभा असेल, तरच तो पुढच्या पिढीच्या प्रश्नांपुढे टिकेल.