आत्मविश्वासाची लावणी एका गुंठ्यापासून

(चंदनसार, ता. वसई येथे शेतकऱ्यांसमोर केलेल्या भाषणावरून)



शेतकऱ्यांपुढे बोलायचे म्हटले की आम्ही बियाणे, खते आणि रोग-किडी यांविषयी बोलतो. आज मी अशा एका गोष्टीविषयी बोलणार आहे, जी कोणत्याही कृषी सेवा केंद्रात विकत मिळत नाही. ती म्हणजे आत्मविश्वास. उत्तम बियाणे घरात असूनही ‘आपल्याला हे जमेल का?’ या एका शंकेपायी ते कणगीतच राहते. म्हणून हा विषयसुद्धा शेतीचाच आहे.

आपल्या परिसरात ही शंका जास्त का वाढली, हे समजून घेतले पाहिजे. २००९ साली वसई-विरार शहर महानगरपालिका झाली, २०१४ साली पालघर जिल्हा झाला. विरार पूर्वेला इमारती वाढत गेल्या आणि चंदनसारसारख्या ठिकाणी भाताचे खाचर आणि सिमेंटची भिंत शेजारी शेजारी आली. शेजारचा नोकरीला जातो, महिन्याच्या महिन्याला त्याचा पगार ठरलेला असतो. आपले उत्पन्न मात्र पावसावर. अशा वेळी ‘काय करता?’ असे कोणी विचारले की ‘काही नाही, शेती करतो’ असे उत्तर तोंडून निघते. त्यातील ‘काही नाही’ हे दोन शब्द घरातली मुले ऐकत असतात. न्यूनगंडाचे बी तेथेच पडते.

दादाजींचा भात

चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे गाव आहे. तेथील दादाजी खोब्रागडे यांची जमीन जेमतेम दीड एकर आणि शिक्षण तिसरीपर्यंत. १९८३ साली त्यांना आपल्या भातात काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. दाण्याचा रंग निराळा, आकार निराळा. असे वेगळेपण अनेकांना दिसते. पण ‘मला काय कळते त्यातले’ असे म्हणून आपण पुढे जातो. दादाजींनी ते दाणे वेगळे काढून जपून ठेवले, दुसऱ्या वर्षी थोड्याशा जागेत पेरले आणि भोवती काटेरी कुंपण केले. वर्षामागून वर्ष निवड करीत त्यांनी बारीक दाण्याचा, चवीला चांगला असा वाण तयार केला. बाजारात आला तेव्हा त्याला नाव नव्हते. त्या काळी लोकप्रिय असलेल्या एचएमटी घड्याळाचे नाव त्याला मिळाले. हाच एचएमटी तांदूळ पुढे अनेक राज्यांत पोचला.

यातून दोन धडे घ्यावेत. पहिला असा, की दादाजींनी स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवला, पण आंधळा विश्वास ठेवला नाही. दरवर्षी पुन्हा लावून खात्री केली. दुसरा धडा कडू आहे. तांदळाचे नाव सर्वदूर झाले, पण त्या मानाने दादाजींच्या घरी पैसा आला नाही. २०१८ साली ते वारले. आज पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१ नुसार शेतकऱ्याला स्वतःच्या वाणाची नोंदणी करता येते. आपले काम मोलाचे आहे असे वाटत असेल, तर त्याची नोंदही आपणच ठेवली पाहिजे.

भगिनींनी अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांचे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवावे. त्या शाळेत गेलेल्या नाहीत. वालासारख्या पिकांचे गावरान बियाणे त्यांनी जपले, इतर बायकांना वाटले आणि २०२० सालची पद्मश्री त्यांना जाहीर झाली. आपल्याकडेही भातानंतर वाल होतो. त्याचे बी कोणी निवडायचे, कशात ठेवायचे, हे घरातल्या बाईलाच ठाऊक असते. मग शेतीच्या सभेत ती मागे का बसते?

सुरुवात एका गुंठ्यापासून

‘हिंमत धरा’ असे नुसते सांगून हिंमत येत नाही. स्वतः करून पाहिलेल्या गोष्टीची खात्री पटते, तेव्हा ती येते. म्हणून प्रयोग असा निवडावा की तो फसला तरी घर अडचणीत येणार नाही. सगळी जमीन नव्या पद्धतीखाली आणू नये; एक गुंठा घ्यावा.

उदाहरणार्थ, चारसूत्री भात लागवडीतील युरिया-डीएपी गोळ्यांचा वापर. दोरीच्या साहाय्याने १५ आणि २५ सेंटिमीटर असे आलटून पालटून अंतर ठेवून लावणी करावी. एका चुडात दोन-तीन रोपे पुरेत. लावणीच्याच दिवशी १५ सेंटिमीटरच्या चौकोनातील चार चुडांच्या मध्ये एक गोळी ७ ते १० सेंटिमीटर खोल चिखलात खोचावी. गोळीचे वजन २.७ ग्रॅम असते. एका गुंठ्याला सुमारे सव्वासहाशे गोळ्या, म्हणजे पावणेदोन किलोंच्या आत खत लागते. गोळी खोल असल्याने पाण्याबरोबर खत वाहून जाण्याचे प्रमाण कमी होते, हे त्यामागचे कारण.

शेजारीच दुसरा गुंठा नेहमीच्या पद्धतीने लावावा. वाण तोच, लावणीचा दिवसही तोच. कापणीनंतर दोन्हींची झोडणी वेगळी करावी, धान्य वाळवून वजन करावे. दोन्ही आकड्यांना ४० ने गुणले की एकरी उत्पादन मिळते. फरक पडला तर पुढच्या वर्षी क्षेत्र वाढवावे. नाही पडला तर आपले नुकसान एका गुंठ्यापुरते. आणि का पडला नाही हे विचारायला हाती पुरावा असतो.

वही ठेवा

यासाठी शंभर पानी वही पुरते. पेरणी, लावणी आणि कापणीच्या तारखा, बियाणे, खत, मजुरी, उत्पादन आणि विक्रीचा भाव एवढेच लिहावे. लिहिता येत नसेल तर मुलांकडून लिहून घ्यावे. त्यानिमित्ताने तीही शेतात येतील. ‘यंदा बरे पिकले’ असे म्हणणाऱ्याला व्यापारी हसून भाव पाडतो. किलोला किती खर्च आला हे सांगणाऱ्याशी तो जपून बोलतो.

सभेत आणि कचेरीत

चारचौघांत बोलायला भीती वाटते, हे साहजिक आहे. सभेला येताना तीन गोष्टी चिठ्ठीवर लिहून आणाव्यात: पीक कोणते, अडचण काय, आजवर काय केले. एवढे वाचून दाखवले तरी प्रश्न पूर्ण होतो. रोगट रोप सोबत आणले तर निम्मे काम तेथेच झाले.

कचेरीत तोंडी विनंतीऐवजी लेखी अर्ज द्यावा, आपल्या प्रतीवर तारीख आणि आवक क्रमांक घ्यावा. पुढच्या खेपेस त्या क्रमांकावरून विचारावे. शेतीविषयक सल्ल्यासाठी किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या क्रमांकावर मराठीत विचारता येते, त्याला पैसे पडत नाहीत. प्रश्न विचारणे हे अडाणीपणाचे लक्षण मानू नये.

भीतीपोटी निर्णय नको

शहर जवळ आले की जमिनीला गिऱ्हाईक येते. जमीन विकावी की ठेवावी, हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे. त्यात इतरांनी बोलू नये. परंतु ‘आज नाही दिली तर उद्या कोणी विचारणार नाही’ अशा धास्तीने सही करू नये. सातबारा आणि फेरफार पाहावेत, कागद वकिलाला दाखवावा, घरातील बायकांसह सर्वांनी बसून बोलावे. चार दिवस थांबायला जो नकार देतो, त्याची घाई आपल्या हिताची असेलच असे नाही.

कर्ज, आजारपण किंवा नापिकी यांनी मन खचते, झोप उडते, कशातच लक्ष लागत नाही. अशा वेळी ‘मन घट्ट कर’ एवढे सांगून भागत नाही. घरच्यांनी त्या माणसाला एकटे सोडू नये, डॉक्टरांकडे न्यावे. टेलिमानस ही शासनाची सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस उपलब्ध आहे. अंगात ताप असताना औषध घेतो, तसेच हेही आहे.

बंधू-भगिनींनो, याच पालघर जिल्ह्यातील डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली आणि वाड्याच्या कोलम भाताला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ज्या मालाला आपण घरचाच म्हणून गृहीत धरत होतो, त्याचे नाव आता कायद्याने जपले आहे. आपल्या कष्टाकडेही त्याच नजरेने पाहावे. येत्या पावसाळ्यात प्रत्येकाने एक गुंठा आणि एक वही एवढी तयारी करावी, आणि पुढच्या वेळी कोणी ‘काय करता?’ असे विचारले तर ‘शेती करतो’ एवढेच सांगावे, अशी विनंती करून मी माझे भाषण पुरे करतो.