संख्यांचे आकृतिबंध : पाहण्यापासून पटण्यापर्यंत

(पालक व माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



नऊचा पाढा पाठ असलेल्या मुलाला तो उभा लिहायला सांगावा. ०९, १८, २७, ३६... दशकाचा अंक एकेकाने चढतो, एककाचा एकेकाने उतरतो. नऊ मिळवणे म्हणजे दहा मिळवून एक वजा करणे, हे त्याचे कारण. मराठीने ते शब्दांतच जपले आहे : एकोणतीस म्हणजे एकाने ऊन, अर्थात उणे, असलेले तीस. महाराष्ट्राबाहेर वाढणाऱ्या मुलाच्या कानी बाजारात हिंदीतला ‘उनतीस’ पडतो, तेव्हा तोच ‘ऊन’ त्याला पुन्हा भेटतो.

असे निरीक्षण करायला प्रयोगशाळा लागत नाही. १९०५ साली डहाणू येथे जन्मलेले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर देवळालीत शाळाशिक्षक होते. चार अंकी कोणतीही संख्या घ्यावी; तिचे चारही अंक समान मात्र नसावेत. अंक उतरत्या क्रमाने मांडून त्यातून चढत्या क्रमाने मांडलेली संख्या वजा करावी, आणि उत्तरावर पुन्हा हेच करावे. ३५२४ घेतल्यास ५४३२ − २३४५ = ३०८७; ८७३० − ०३७८ = ८३५२; ८५३२ − २३५८ = ६१७४. यापुढे ६१७४ हेच उत्तर येत राहते. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत हा मुक्काम गाठला जातो. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील सदरात कापरेकरांविषयी लिहिले आणि देवळालीच्या शिक्षकाचे काम जगभर पोहोचले.

मुले येथे टाळ्या वाजवतात. गणित मात्र येथून सुरू होते. तीन अंकी संख्येत हाच खेळ ४९५ वर थांबतो, आणि तो का थांबतो हे आठवीचा विद्यार्थी स्वतः सिद्ध करू शकतो. वजाबाकीत मधला अंक निघून जातो. उरते ती सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान अंकांतील फरकाची ९९ पट. म्हणजे पहिले उत्तर ०९९, १९८, २९७ पासून ८९१ पर्यंतच्या नऊ संख्यांपैकीच एक असणार. ०९९ वरून ८९१, ७९२, ६९३, ५९४ आणि शेवटी ४९५. उरलेल्या संख्याही याच वाटेवर येतात. शेकडो उदाहरणांचे काम नऊ उदाहरणांत होते, आणि शंकेला जागा उरत नाही.

अशी सिद्धता नसेल तर दिसणारा क्रम फसवूही शकतो. एखाद्या संख्येच्या वर्गात तीच संख्या आणि ४१ मिळवावेत. ० पासून ३९ पर्यंत प्रत्येक वेळी मूळ संख्याच मिळते. चाळिसाव्याला मात्र १६८१ येते, आणि ते ४१ × ४१ आहे. चाळीस उदाहरणे जुळली म्हणून नियम ठरत नाही, हा धडा गणिताच्या तासापुरता नाही. ऐकीव गोष्टींच्या आजच्या गर्दीत वाढणाऱ्या मुलाला तो जन्मभर उपयोगी पडेल.

गुणपत्रिकेत या सवयीला वेगळा रकाना नसतो. म्हणूनच तिची जपणूक शाळेइतकीच घरानेही करायला हवी. मुलाने वहीतला एखादा क्रम दाखवला तर “शाब्बास” जरूर म्हणावे, पण लगेच विचारावे, “नेहमीच असे होते का? आणि का होते?” उत्तर पालकांना ठाऊक नसले तरी चालेल. ते शोधायला मुलाला एक संध्याकाळ मोकळी द्यावी, इतकीच विनंती.