विम्बल्डनची टेकडी आणि ग्रेनफेलची भिंत

विम्बल्डनच्या टेनिस संकुलात एक हिरवी टेकडी आहे. मुख्य कोर्टाचं तिकीट ज्यांना मिळत नाही, ते प्रेक्षक तिच्या उतारावर बसतात आणि समोरच्या मोठ्या पडद्यावर सामना बघतात. जून २०११ मध्ये पाऊस आला आणि आयोजकांनी पडदा बंद करून टाकला. कारण दिलं, हेल्थ अँड सेफ्टी. गवत ओलं आहे, लोक घसरतील. इंग्लंडात पावसाने गवत ओलं होणं ही काही आक्रीत घटना नव्हे, आणि विम्बल्डनच्या पंधरवड्यात तर मुळीच नाही.

यावर सगळ्यात जास्त कोण चिडलं असेल? ब्रिटनच्या ज्या सरकारी यंत्रणेकडे कामाच्या जागेवरची सुरक्षितता सोपवलेली आहे, तिच्या तेव्हाच्या अध्यक्षा, ज्युडिथ हॅकिट. पेशाने रसायन अभियंता. त्यांनी आयोजकांना खुलं पत्र धाडलं. आशय असा, की असा कोणताही कायदा नाही. लोक वर्षानुवर्षं ओल्या उतारावरून चालत आले आहेत. कुणी पडून दावा ठोकेल ही भीती असेल, तर विम्याचं कारण सांगा, आमचं नाव पुढे करू नका. बाईंचं हे नाव लक्षात ठेवायला हवं, ते पुन्हा येणार आहे.

ज्या कायद्याच्या नावाने ही मनाई खपवली जाते, तो १९७४ चा. आणि हा कायदा तसा समंजस आहे. त्याच्या गाभ्यात एक शब्दप्रयोग येतो, ‘वाजवीपणे जितकं शक्य असेल तितकं’. १९४९ मध्ये एका कोळसा खाणीतल्या मृत्यूच्या खटल्यात न्यायालयाने त्याचा अर्थ तराजूच्या भाषेत सांगितला होता. एका पारड्यात धोका ठेवा, दुसऱ्यात तो टाळायला लागणारा पैसा, वेळ, कष्ट. दुसरं पारडं पहिल्यापेक्षा फारच जड असेल, तर तो उपाय सक्तीचा नाही. म्हणजे तोलण्याची जबाबदारी माणसावर टाकलेली आहे. १९७४ मध्ये ब्रिटनमध्ये ६५१ कर्मचारी कामावर मेले. २०२३-२४ मध्ये हा आकडा, स्वयंरोजगारवाले धरूनही, १३८ होता. खाणी आणि कारखाने बंद पडले हेही त्यामागचं कारण आहे, सगळं श्रेय कायद्याला देता येणार नाही. पण थोडं तरी द्यावंच लागेल.

मग हास्यास्पद नियम आले कुठून? काँकर्सचा खेळ घ्या. हॉर्स चेस्टनटच्या झाडाची टणक बी, तिला भोक पाडून दोरी ओवायची आणि समोरच्याच्या बीवर आपली आपटून ती फोडायची. आपल्या गोट्यांचाच हा चुलतभाऊ. २००४ मध्ये कंब्रिया परगण्यातल्या एका शाळेच्या मुख्याध्यापकांनी या खेळासाठी मुलांना संरक्षक चष्मे आणून दिले. बातमी देशभर गेली, आणि जाता जाता तिचा ‘सरकारी नियम’ झाला. सुरक्षिततेच्या त्या सरकारी यंत्रणेने पुढे स्पष्ट केलं, की या खेळातला धोका इतका नगण्य आहे, की त्याची चिंताच नको. मुलं मुद्दाम एकमेकांच्या डोक्यात बिया हाणत असतील, तर तो शिस्तीचा प्रश्न आहे, सुरक्षेचा नव्हे. कोणी ऐकलं नाही. शेवटी २०१२ मध्ये असल्या मनायांची छाननी करायला एक मंडळच नेमावं लागलं. त्याच्यापुढे आलेली प्रकरणं वाचताना हसू आवरत नाही. काडीवरचा बुढ्ढी का बाल विकायचा नाही, कारण पोर अडखळलं तर काडी टोचेल. धर्मादाय दुकानात विणकामाच्या सुया विकायच्या नाहीत. शाळेत यो-यो नको.

या सगळ्यात दोष कायद्याचा किती, हे त्याआधीच किंग्ज कॉलेजचे प्राध्यापक रॅग्नर लोफ्स्टेट यांनी सरकारसाठी तपासलं होतं. नोव्हेंबर २०११ च्या त्यांच्या अहवालात निष्कर्ष होता, की कायदा मुळापासून बदलण्याचं कारण नाही. खोट आहे ती त्याचा अर्थ लावण्यात आणि कज्जाच्या भीतीत.

पण राजकारणाला एवढा बारकावा कुठे परवडतो! दोनच महिन्यांनी पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांनी या ‘सुरक्षा-संस्कृती’विरुद्ध युद्धच पुकारलं. नियमांची होळी करायची ठरली. एक नवा नियम आणायचा तर एक जुना रद्द करा, हे धोरण आधीपासून होतंच, पुढे ते दोन रद्द करा असं झालं. विणकामाच्या सुयांवर हसणाऱ्या जनतेने टाळ्या वाजवल्या.

त्याच सुमाराला एक कागद इमारतींचे नियम बघणाऱ्या सरकारी खात्यात पडून होता. २००९ मध्ये दक्षिण लंडनमधल्या लॅकनल हाऊस या इमारतीला आग लागून सहा जण गेले होते. २०१३ मध्ये मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी इमारतींच्या अग्निसुरक्षेची मार्गदर्शिका नव्याने तपासा, असं सांगितलं. चार वर्षांत ते काम पुरं झालं नाही. १४ जून २०१७ च्या मध्यरात्रीनंतर लंडनमधल्याच ग्रेनफेल टॉवर या निवासी इमारतीच्या चौथ्या मजल्यावर एका फ्रिजला आग लागली. चोवीस मजली इमारतीला नूतनीकरणात बाहेरून नवं आवरण चढवलं होतं, अ‍ॅल्युमिनियमचे दोन पातळ पत्रे आणि मध्ये पॉलिथिलीन. आग त्या भिंतीवरून वर चढली. ७२ माणसं मेली. २०२४ च्या चौकशी अहवालात नोंद आहे, की नियम कमी करण्याच्या धोरणाचा खात्यावर इतका पगडा होता, की जिवाशी संबंधित बाबीही दुर्लक्षित राहिल्या किंवा रेंगाळल्या.

ग्रेनफेलनंतर इमारतींचे नियम तपासायचं काम सरकारने कोणाला दिलं? ज्युडिथ हॅकिट यांना. मे २०१८ च्या अहवालात त्यांनी संपूर्ण व्यवस्थाच कुचकामी ठरवली. तरीही जळणाऱ्या आवरणावर सरसकट बंदी घाला, अशी शिफारस केली नाही. आगीतून वाचलेले लोक संतापले, आणि त्यांचा संताप रास्त होता. सरकारने १८ मीटरहून उंच निवासी इमारतींपुरती बंदी त्याच वर्षी आणली. बाई तराजूवरच विश्वास ठेवून राहिल्या. पण जिथे तराजू धरणारे हात बांधकाम कंपन्यांचे असतात, तिथे साधी बंदीच बरी, असं वाटल्याशिवाय राहत नाही.

ग्रेनफेलच्याच वर्षी, २९ डिसेंबरच्या मध्यरात्रीनंतर मुंबईत कमला मिलच्या आवारातल्या गच्चीवरच्या पबना आग लागली. चौदा जण गेले, त्यातले अनेक स्वच्छतागृहात गुदमरून. लंडनसारखी नियमांची चेष्टा आपण करत नाही, आपण ते फायलीत जपून ठेवतो. आणि पाट्या मात्र भरपूर लावतो.

आज घरी परतल्यावर आपापल्या इमारतीत एवढं करा. ‘येथे मुलांना खेळण्यास सक्त मनाई आहे’ ही पाटी खालीच दिसेल. ती वाचून जिन्याने वर चढा. वाटेत किती सायकली, किती जुनी कपाटं आणि चपलांचे किती रॅक ओलांडावे लागतात ते मोजा. आणि जिन्यातल्या लाल नळकांड्यावर पुन्हा भरायची तारीख कधीची आहे, तेही चष्मा लावून वाचा.