दुःखानंतर जे उरते



दुःखातून काव्य जन्मते, असे सहज म्हटले जाते. त्यात सत्य अर्धेच आहे. उपासमार, वैधव्य, मृत्यू यांना सुंदर म्हणणे हा दुःखिताचा अपमान ठरेल. हानी झाल्यावर काय उरले, हे कविता शांतपणे पाहते. आणि तिने पाहिले म्हणून ते उरलेले सुंदर दिसू लागते.

बहिणाबाई चौधरी यांचा जन्म १८८० साली जळगावजवळच्या असोदे गावी झाला. तेराव्या वर्षी लग्न, तिसाव्या वर्षी वैधव्य. पदरी लहान मुले आणि शेतीचे कष्ट. अक्षरओळख नव्हती. वैधव्यावरील कवितेत त्या स्वतःच्याच जिवाची समजूत काढतात. कुंकू पुसले गेले, पण गोंदण आहे. बांगड्या फुटल्या, पण मनगटातले कर्तृत्व शाबूत आहे. पतीच्या मृत्यूचे दुःख येथे कोठेही हलके केलेले नाही. गेलेल्या प्रत्येक गोष्टीसमोर उरलेली एकेक गोष्ट मात्र ठेवली आहे. हीच नजर पुढे जात्यावर, पेरणीवर, सुगरणीच्या खोप्यावर स्थिरावली.

या चेन्नई नगरीलाही अशा नजरेचा वारसा आहे. महाकवी सुब्रह्मण्य भारती यांचे अखेरचे दिवस येथील ट्रिप्लिकेनमध्ये गेले. त्याआधी, पुदुच्चेरीत परागंदा असताना, घरात चणचण असूनही त्यांनी स्वयंपाकासाठी आणलेले तांदूळ चिमण्यांना घातले, अशी कथा तमिळनाडूत घरोघर सांगितली जाते. मुक्त चिमणीवर त्यांनी स्वातंत्र्याचे गीतही रचले. परंतु या कथेत चूल पेटवू पाहणाऱ्या पत्नी चेल्लम्माही आहेत, याचा विसर पडू नये. ११ सप्टेंबर १९२१ रोजी भारती निवर्तले, तेव्हा ते अवघे ३८ वर्षांचे होते. विपन्नावस्थेने कवीला काय दिले हे सांगताना, तिने किती हिरावून नेले तेही सांगितले पाहिजे.

बहिणाबाईंची गाणीही हरवलीच असती. काम करता करता ओठांवर आलेले शब्द वाऱ्यावर विरायचे. पुत्र सोपानदेव यांच्यासारख्या आप्तांनी ते टिपून ठेवले. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई गेल्या. त्यानंतर ती गाणी आचार्य अत्रे यांच्या दृष्टीस पडली आणि १९५२ साली पुस्तकरूपाने आली. ते पुस्तक पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. शाळेची पायरी न चढलेल्या आईचे शब्द शिकलेल्या मुलाने राखले. शिक्षणाचे याहून मोठे सार्थक कोणते?

हीरक महोत्सवाच्या या प्रसंगी पालकांकडे एवढेच मागणे आहे. डिसेंबर २०१५च्या पुरात या शहरातील कितीतरी घरांतून पाणी शिरले. कपाटांतील वह्या-पुस्तके, छायाचित्रे भिजून गेली. अशा वेळी मुलाला लगेच ‘रडू नकोस’ म्हणू नये. काय गेले ते त्याला मराठीत वा तमिळमध्ये, जमेल तसे, सांगू द्यावे. काय उरले ते त्याचे त्यालाच शोधू द्यावे. आणि घरात आजी ओव्या म्हणत असतील, तर त्यांच्याजवळ नातवंडाला वही-पेन्सिल देऊन बसवावे. ते काम आजच करावे.