भुतांच्या सिनेमातली आई

आज आम्ही तुम्हाला एका भुताच्या सिनेमाची गोष्ट सांगणार आहोत. घाबरू नका, सिनेमा हसवणारा आहे.

नाव 'शॉन ऑफ द डेड'. 2004 साली इंग्लंडमध्ये आला. एडगर राइट आणि सायमन पेग या दोघांनी लिहिला, राइट यांनी दिग्दर्शन केलं आणि पेग यांनी शॉनचं काम केलं. खर्च सुमारे 40 लाख पौंड. आपल्याला आकडा मोठा वाटतो, पण तिकडच्या सिनेमाच्या हिशोबात ही काटकसरच. या मंडळींची आधी एक टीव्ही मालिका होती. भुतांच्या गर्दीत तिचे चाहतेच मोठ्या संख्येनं उभे राहिले.

यातली भुतं म्हणजे झोंबी, मेल्यावरही चालणारी माणसं. 2022 साली आपल्या मराठीत 'झोंबिवली' आला होता, त्यात होती तशीच. झोंबी ज्याला चावतो, तोही मरून झोंबी होतो.

शॉन लंडनमध्ये एका दुकानात विक्रेता आहे. एका सकाळी तो झोपाळलेल्या डोळ्यांनी कोपऱ्यावरच्या दुकानात जातो. फ्रिजच्या काचेवर रक्ताचे हात उमटलेत, त्याचा पाय घसरतो, रस्त्यावर झोंबी फिरतायत. याला पत्ताच नाही! कारण रोजची माणसंही तशीच मान टाकून चाललेली असतात. पुढे तो क्रिकेटची बॅट घेऊन झोंबींना बडवतो. त्याआधी तो आणि त्याचा मित्र गाण्यांच्या तबकड्या फेकून मारतात. जीव जायची वेळ आलीय, तरी 'ही फेक, ती नको' असा वाद चालू! आमच्या केंद्रावर आम्ही सगळ्याजणी मिळून सिनेमा पाहिला, तेव्हा इथे हसून हसून पुरेवाट झाली.

मग येते शॉनची आई, बार्बरा. मवाळ, सगळ्यांना सांभाळून घेणारी बाई. शॉनच्या सावत्र वडिलांना झोंबी चावलेला असतो. ते म्हणतात, नळाखाली धुतलंय, काही होत नाही. ते वाटेतच जातात. सगळे एका दारूच्या गुत्त्यात आसरा घेतात, तेव्हा कळतं की आईलाही चावलंय. तिनं ते लपवलेलं असतं. का? तर उगाच कुणाला माझा त्रास नको! शेवटी आई झोंबी होते आणि शॉनला स्वतःच्या हातानं तिच्यावर गोळी झाडावी लागते.

आमचं हसू तिथेच थांबलं. हसवणाऱ्या सिनेमात रडू फुटावं, हे नवलच. पण बघणाऱ्यांना तो आवडला तो यामुळेही, असं आम्हाला वाटतं. जगभरात त्यानं खर्चाच्या कितीतरी पट कमाई केली. झोंबी सिनेमांचे जनक मानले जाणारे अमेरिकेचे जॉर्ज रोमेरो यांनाही तो इतका भावला, की त्यांनी 2005 च्या आपल्या सिनेमात राइट आणि पेग यांना झोंबीचं छोटं काम दिलं.

मैत्रिणींनो, बार्बरा इंग्लंडची, पण तिचं वागणं आपल्या ओळखीचं आहे. 'काही नाही गं, बरं होईल' म्हणत अंगावर दुखणं काढणाऱ्या बाया आपल्या प्रत्येक गटात आहेत. छातीत गाठ लागते, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त जातं, तरी कांदे काढून होईपर्यंत बोलायचं नाही.

आणि झोंबी खोटा असला, तरी चावरं कुत्रं खरं आहे. कुत्रं चावलं किंवा त्याचा नुसता दात लागला, तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं 15 मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काही भरू नका. पण शॉनच्या वडिलांसारखं धुऊन थांबू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करा आणि सांगितलेल्या तारखांना सगळे डोस घ्या. रेबीजची लक्षणं दिसू लागली, की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही.

सिनेमात रक्तपात आणि शिवीगाळ आहे, म्हणून लहान मुलांना दाखवू नका. मोठ्यांनी मात्र जमलं तर एकत्र बघा, पोटभर हसा. आणि पुढच्या बैठकीत बचतीचा हिशोब झाला, की एकमेकींना विचारा, 'बाई, तू काही लपवत तर नाहीस ना?'