आईच्या हाताला आधी कळतं

मी नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात सिस्टर आहे. आज बोलायचंय ते दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांच्या आतड्याच्या एका आजाराबद्दल. डॉक्टर त्याला ‘एनईसी’ म्हणतात. यात आतड्याला सूज येते. वाढली तर आतड्याचा तेवढा भाग मरतो, त्याला भोक पडतं. दीड किलोच्या आतल्या बाळांना धोका जास्त. बाळ जरा सावरतं, दूध घेऊ लागतं, आणि बहुतेकदा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात हे दुखणं येतं.

“सिस्टर, किती वाढेल हो?” प्रत्येक आई विचारते. पहिल्या दिवशी छातीठोकपणे कुणीच सांगू शकत नाही. १९७८ पासून डॉक्टर याच्या तीन पायऱ्या मानतात. पहिली संशयाची: पोट फुगतं, दूध पचत नाही, शीमध्ये रक्त दिसतं. दुसरीत एक्स-रेमध्ये आतड्याच्या भिंतीत हवा दिसते, म्हणजे आजार नक्की. तिसरीत बाळ फार खालावतं, भोक पडलं तर ऑपरेशन लागतं. पण पायरी सांगते बाळ आज कुठे आहे ते, उद्याचं नाही. म्हणून तर पुन्हा पुन्हा एक्स-रे, पुन्हा रक्त. प्लेटलेट भराभर उतरल्या, रक्तात आम्ल वाढलं, पोटाची कातडी लाल-निळी पडली, की सर्जनना लगेच बोलावतो.

एका रात्री बाळाला छातीशी घेऊन बसलेली आई म्हणाली, “सिस्टर, हा आज गप्प आहे. पोट टणक लागतंय.” मी टेप लावली. सकाळपेक्षा पोट वाढलेलं. डॉक्टरांनी दूध थांबवलं, सलाईन आणि अँटिबायोटिक सुरू केलं. आजार दुसऱ्या पायरीवरच थांबला.

ती रडत विचारत होती, “माझ्या दुधानं झालं का?” नाही गं बाई! आईच्या दुधानं हा धोका कमी होतो. मुंबईच्या सायन रुग्णालयात १९८९ साली दूधपेढी निघाली, ती अशाच नाजूक बाळांना आईचं दूध मिळावं म्हणून. बाळाचं दूध बंद असलं, तरी तुम्ही पिळून काढत राहा, म्हणजे आटणार नाही.

पोट फुगलं, हिरवी उलटी झाली, शीमध्ये रक्त दिसलं, बाळ मलूल झालं, तर सकाळची वाट बघू नका. सिस्टरला उठवा. आम्ही रागावणार नाही.